चर्मबाहुल्यांवरील कोरीवकाम

चर्मबाहुल्यांवरील कोरीवकाम म्हणजे छायानाट्यातील चामड्याच्या सपाट बाहुल्यांवर सुरी, पटाशी व पोकळ तोंडाच्या ठशांनी आरपार छेद घेऊन केलेली नक्षी होय. दिव्यासमोर धरलेल्या बाहुलीची सावली पांढऱ्या पडद्यावर पडते आणि या छेदांतून आलेला उजेड दागिने, वस्त्रांचे काठ, मुकुट, डोळे व केस यांचा आकार घेतो. भारतात ही कला महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, तमिळनाडू, केरळ व ओडिशा या राज्यांत आढळते. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे टिकून आहे. आंध्र, कर्नाटक व तमिळनाडू येथील परंपरागत बाहुलेकारांपैकी बहुतेक समाजांची घरची भाषा मराठीची बोली आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी परिचित नाही.

स्वरूप

चामड्यावरील बहुतेक सजावट पृष्ठभागापुरती असते. चपलेच्या पट्ट्यावर ठसे उमटवतात, खोगिरावर फुले उठवतात, पुस्तकाच्या बांधणीवर सोनेरी रेषा दाबतात. या सर्व कामांत चामडे अखंड राहते. छायाबाहुलीवर मात्र छेद आरपार जातो आणि काढून टाकलेला भाग हेच चित्र असते. त्यामुळे कारागिराला एकाच वेळी दोन आकृत्या डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. एक समोर दिसणारी, रंगवलेली. दुसरी दिवा लागल्यावर पडद्यावर उमटणारी. दिवसाउजेडी हातात घेतलेल्या बाहुलीवर जी भोके विखुरल्यासारखी दिसतात, तीच पडद्यावर मोत्यांचा सर होतात.

छेदांचे महत्त्व कातडे किती जाड व किती उजेड सोडणारे आहे यावर अवलंबून असते. आंध्र व कर्नाटकातील बाहुल्यांचे कातडे पातळ खरवडलेले व अर्धपारदर्शक असते. त्यावरील लाल, हिरवे, पिवळे रंग पडद्यावर रंगीतच उमटतात आणि छेदांतून येणारा शुभ्र उजेड त्या रंगांत चमक भरतो. केरळच्या तोलपावकूत्तू या प्रकारात सावली जवळजवळ काळी पडते. तेथे रामाचे धनुष्य, सीतेचे वस्त्र किंवा रावणाचा मुकुट ओळखू येण्याचे मुख्य साधन छेद हेच असते. ओडिशातील रावणछाया या प्रकारातील बाहुल्या तर बिनरंगी, एकसंध आणि बिनसांध्यांच्या असतात. तेथे कारागिराच्या हाती बाह्यरेषा आणि थोडेसे छेद एवढीच सामग्री उरते, आणि तरीही पात्रे ओळखू येतात. कोरीवकामाची खरी कसोटी पाहायची असेल तर ती या साध्या बाहुल्यांत पाहावी.

बाहुल्यांचे चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले असतात. सपाट सावलीत समोरून काढलेला चेहरा म्हणजे केवळ एक गोल डाग होतो. नाक, ओठ व हनुवटी यांची रेषा बाजूने पाहिल्यासच कळते. मोठा, लांबट डोळा हे या शैलीचे ठळक वैशिष्ट्य आहे. पैठण शैलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथीच्या जुन्या चित्रांतही असाच बाजूने काढलेला चेहरा व विस्फारलेला डोळा दिसतो. ही चित्रे व दक्षिणेकडील चर्मबाहुल्या यांच्यातील साम्य कला-इतिहासकारांनी निदर्शनास आणले आहे.

कातडे

बाहुलीसाठी वापरलेले कातडे कमावलेले नसते. हिरडा, बाभळीची साल यांसारख्या द्रव्यांत कमावलेले चामडे मऊ, लवचीक व अपारदर्शक होते. ते पादत्राणांना उपयोगी असले तरी सावलीच्या खेळात निरुपयोगी ठरते. बाहुलीचे कातडे भिजवून, त्यावरील केस व आतील बाजूचे मांस-चरबी खरवडून, ताणून वाळवतात. वाळल्यावर ते कडक, सपाट आणि तेलकट कागदासारखे उजेड सोडणारे होते. ढोलकी किंवा डफावर चढवलेले कातडे ज्यांनी उजेडात धरून पाहिले आहे, त्यांना या पदार्थाची कल्पना सहज येईल.

सध्या बहुतांश काम शेळीच्या कातड्यावर चालते. पूर्वी हरणाच्या कातड्याला मान होता; देव व सात्त्विक पात्रे त्यावर कोरली जात आणि राक्षसांसारख्या आडदांड पात्रांसाठी म्हशीचे जाड कातडे वापरले जाई. एकाच कातड्यात सर्वत्र सारखी जाडी नसते. पाठीचा भाग जाड व घट्ट, तर पोटाचा भाग पातळ व ढिला असतो. मुकुट, चेहरा व धड यांना घट्ट भाग लागतो, कारण बारीक छेद तेथेच सर्वांत जवळजवळ येतात. पोटाच्या कातड्यावर दाट जाळी कोरली तर कातडे वाळताना व दिव्याच्या उष्णतेने वेडेवाकडे होते. मोठ्या बाहुलीचे भाग निरनिराळ्या कातड्यांतून कापण्यामागे हेही एक कारण आहे.

कातडे हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात ते मऊ पडते आणि कोरताना छेदाची कड स्वच्छ उठत नाही. अति कोरड्या हवेत तेच कातडे ठिसूळ होऊन पटाशीखाली चिरते.

हत्यारे व छेद

महाराष्ट्रातील चर्मकाराचे ओळखीचे हत्यार म्हणजे रापी. रुंद, चपट्या पात्याच्या या हत्याराने चामडे कापतात, तासतात व पातळ करतात. संत रविदासांच्या चित्रांतही ती हमखास दिसते. बाहुलेकाराचे काम मात्र रापीने भागत नाही. त्याला अरुंद टोकाची सुरी, वेगवेगळ्या रुंदीच्या सपाट पटाश्या, अर्धगोल तोंडाच्या कोरण्या आणि गोल भोके पाडणारे पोकळ ठसे लागतात. काम लाकडी ठोकळ्यावर चालते. ठोकळ्याचा पृष्ठभाग सपाट असावा लागतो, आणि त्याचे लाकूड असे असावे लागते की टोक आत थोडे रुतले तरी बोथट होऊ नये. धार वारंवार लावावी लागते. बोथट पटाशी कातडे कापण्याऐवजी दाबते. दाबलेल्या कडेवर पांढरट वळ उठतो आणि पडद्यावर त्या छेदाची कड अस्पष्ट दिसते.

मूळ छेद मोजकेच आहेत. गोल भोक, बारीक सरळ चीर, चंद्रकोर, पाकळी किंवा थेंब, त्रिकोण व चौकट एवढ्यांच्या जुळणीतून बहुतेक नक्षी तयार होते. भोकांची ओळ म्हणजे मोत्यांची माळ किंवा वस्त्राचा काठ. एका मध्याभोवती मांडलेल्या पाकळ्या म्हणजे फूल किंवा बाजूबंदावरील रत्न. एकमेकींत बसवलेल्या चंद्रकोरी म्हणजे खवल्यांचे चिलखत, पक्ष्याची पिसे अथवा पाण्याच्या लाटा. लहानमोठ्या चिरा समांतर घेतल्या की केस व दाढी होते. एकच छेद संदर्भानुसार निराळा अर्थ घेतो, आणि त्यामुळे सहा-सात हत्यारांत संपूर्ण रामायण कोरता येते.

दोन छेदांमध्ये राहिलेल्या कातड्याच्या अरुंद पट्टीवर संपूर्ण बाहुलीचा टिकाव अवलंबून असतो. या पट्ट्या फार बारीक ठेवल्या तर नक्षी नाजूक दिसते, परंतु खेळात बाहुली झटक्याने फिरवताना त्या तुटतात. जाड ठेवल्या तर सावलीत नक्षी भरीव व जड होते. धारदार आतल्या कोपऱ्यातून फाटण्यास सुरुवात होते, म्हणून चीर जेथे संपते तेथे बारीक गोल भोक घेतात. ताण त्या गोलाईवर पसरतो आणि फाट पुढे सरकत नाही. पडद्यावर हेच भोक रेषेच्या टोकाला टिंबासारखे दिसते. टिकाऊपणासाठी केलेली युक्ती अशी नक्षीचा भाग होऊन बसते.

छेदांचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम आतील बारीक नक्षी, मग मोठे छेद आणि सर्वांत शेवटी बाह्यरेषा. बाह्यरेषा आधी कापली तर हातात धरायला कातडे उरत नाही आणि आतील छेदांच्या वेळी तुकडा ठोकळ्यावर सरकतो. बारीक छेद आधी घेण्याचे कारण असे की त्यांना आजूबाजूच्या अखंड कातड्याचा आधार हवा असतो.

आंध्रातील मोठ्या बाहुल्यांचे डोके, धड, हात व पाय वेगळे कोरून खांदा, कोपर, कंबर व गुडघा येथे दोऱ्याच्या गाठीने जोडतात. उभ्या कण्यासारखी एक काठी बाहुलीला मधोमध बांधतात आणि हातांना वेगळ्या काठ्या लावतात. ज्या जागी काठी येणार तेथे नक्षी विरळ ठेवावी लागते, कारण काठीची सावली तेथील छेद झाकून टाकते. नवख्याच्या कामात ही चूक हमखास आढळते.

सराव

चामड्यावर घेतलेला छेद मिटवता येत नाही. मातीत बोट फिरवून आकार बदलता येतो, रंगावर रंग चढवता येतो, लाकडातही थोडे अधिक खोल जाऊन चूक लपवता येते. आरपार गेलेली पटाशी असा कोणताही मार्ग ठेवत नाही. त्यामुळे या कलेत सरावाला निराळे वजन आहे, आणि तो बाहुलीबाहेरच, उरलेल्या तुकड्यांवर व कडांच्या कापांवर करावा लागतो.

शिकणाऱ्याला प्रथम गोल भोकांची सरळ ओळ जमवावी लागते. काम सोपे वाटते, पण दोन भोकांतील अंतर नजरेने सारखे ठेवणे ही त्यातील खरी परीक्षा असते. अंतर मोजून खुणा केल्या तर ओळ नीट येते. मात्र वळणावर, जेथे आतल्या बाजूची भोके जवळ व बाहेरची दूर पडतात, तेथे मोजमाप अपुरे पडते. म्हणून सरळ ओळीनंतर कमानीवरील ओळ, नंतर एकात एक दोन कमानी असा क्रम उपयोगी पडतो. चंद्रकोरीत दोन वाकड्या छेदांची टोके नेमकी एकमेकांना भेटावी लागतात. ती ओलांडली तर कोपऱ्यात चीर पडते. अलीकडे थांबली तर आतला तुकडा सुटत नाही आणि ओढून काढताना कड फाटते. थेंबाच्या आकारात रुंद गोलाईपासून टोकाकडे जाताना हाताचा दाब हळूहळू कमी करावा लागतो. सुरीने घेतलेल्या छेदात हा दाबातील फरक रेषेला जिवंतपणा देतो, ठशाने पाडलेल्या छेदात तो येत नाही. दोन्ही प्रकारचे छेद एकाच बाहुलीवर असतात आणि जाणकाराला ते वेगळे ओळखता येतात.

वळण कोरताना हत्यार फिरवावे की कातडे, हा प्रत्येक परंपरेत महत्त्वाचा प्रश्न आहे. हत्यार उभे व स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने कातडे फिरवल्यास छेदाची कड सर्वत्र काटकोनात राहते. मनगट वळवल्यास पाते कलते आणि कड तिरपी होते. अशा तिरप्या कडेतून उजेड कमी येतो. चीनमधील शान्शी प्रांताच्या ह्वा परगण्यात कातडे पुढे ढकलत त्याला सुरीखालून चालवण्याचे तंत्र विशेष प्रसिद्ध आहे. तेथे बैलाच्या कातड्यावर काम होते, खाली मेण व राख यांच्या मिश्रणाचा फळा असतो, आणि एका बाहुलीला तीन हजारांच्या आसपास छेद लागतात असे सांगितले जाते.

कुटुंबात चालत आलेल्या या कामात वेगळे शिक्षण असे नसते. जुनी बाहुली नव्या कातड्याखाली ठेवून तिची रेषा उतरवून घेतात. अर्धपारदर्शक कातड्यामुळे हे सहज शक्य होते. लहान वयाची मुले आधी रंग भरतात, मग काठांवरील भोके पाडतात. चेहरा, त्यातही डोळा, अनुभवी हाताकडेच राहतो. जावा बेटावरील वायांग कुलित या परंपरेतही चेहऱ्याचे कोरीवकाम निष्णात कारागिरासाठी राखून ठेवलेले असते. डोळ्याचा छेद अर्ध्या तांदळाच्या दाण्याइतका चुकला तरी राम रागीट दिसू लागतो.

मराठी भाषक बाहुलेकार

आंध्र प्रदेशातील तोलु बोम्मलाट, कर्नाटकातील तोगलु गोंबेयाट आणि तमिळनाडूतील तोल बोम्मलाट्टम या तिन्ही परंपरांत घरी मराठीची बोली बोलणारे समाज पिढ्यान्‌पिढ्या बाहुल्या कोरत व नाचवत आले आहेत. आंध्रात त्यांना आरे किंवा आरे कापू, कर्नाटक व लगतच्या भागात किळ्ळेक्यात (शिळ्ळेक्यात), तर तमिळनाडूत मंडिगर अथवा मंडिकर अशा नावांनी ओळखले जाते. आंध्र व तमिळनाडूत पुरुषांच्या नावापुढे ‘राव’ लावण्याचा प्रघात आहे. किळ्ळेक्यात हे नाव खेळातील विदूषकाचेही आहे; बंगारक्का ही त्याची जोडीदारीण. पात्राच्या नावाने संपूर्ण समाज ओळखला जावा, हे त्या विदूषकाच्या लोकप्रियतेचे गमक मानता येईल.

हे समाज दक्षिणेत केव्हा गेले याविषयी एकमत नाही. तंजावरवर १६७६ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत मराठ्यांची सत्ता होती आणि तमिळनाडूतील मंडिगरांचा संबंध त्या काळाशी जोडला जातो. आंध्र व कर्नाटकातील समाजांचे स्थलांतर त्याहून जुने असावे असेही मत मांडले जाते. बोलीत तेलुगू, कन्नड व तमिळ शब्दांची मोठी भर पडलेली आहे. खेळ मात्र त्या त्या प्रदेशाच्या भाषेतच होतात. आंध्रात रंगनाथ रामायण, कर्नाटकात तोरवे रामायण या स्थानिक काव्यांचा आधार घेतात. परिणामी एक चमत्कारिक विभागणी दिसते: पडद्यासमोर तेलुगू किंवा कन्नड, पडद्यामागे मराठी. बाहुली कोरताना आजोबांनी नातवाला दिलेल्या सूचना या दुसऱ्या भाषेत होत आल्या आहेत. तिला लिखित परंपरा नाही. त्यामुळे हत्यारांची, छेदांची व नक्षीची बोलीतील नावे कोणत्याही मराठी कोशात सहसा सापडत नाहीत, आणि काम थांबले की ती नावेही जातात.

आंध्र प्रदेशात श्री सत्यसाई जिल्ह्यातील धर्मावरमजवळचे निम्मलकुंटा हे गाव या कामाचे सर्वांत परिचित केंद्र आहे. (२०२२ मध्ये नवा जिल्हा होईपर्यंत ते अनंतपूर जिल्ह्यात होते.) येथील दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री देण्यात आली. आंध्रच्या चर्मबाहुल्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. येथील बाहुल्या चार ते सहा फूट उंच असतात व पूर्णपणे सांधेजोड असतात. कर्नाटकात पात्राच्या दर्जानुसार बाहुलीचा आकार बदलतो. राजे व देव मोठे, सेवक व सामान्य जन लहान. कोप्पळ जिल्ह्यातील ज्येष्ठ बाहुलेकार भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कर्नाटकातील जुन्या बाहुल्यांचा मोठा संग्रह बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत आहे. तो जमवण्याचे श्रेय प्रामुख्याने एम. एस. नंजुंड राव यांच्याकडे जाते.

पिंगुळी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्या या तीन कला एकत्र सांभाळल्या आहेत. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता आणि देवळांतील उत्सवांत त्यांचे खेळ होत. ज्या घरात चित्रकथीची पोथी आहे त्याच घरात बाहुल्यांची पेटीही असते, ही येथील विशेष गोष्ट. कागदावरील रंगवलेले चित्र आणि कातड्यावर कोरलेले चित्र एकाच हाताने केलेले असल्याने दोहोंची तुलना करण्याची संधी येथे मिळते. रामायणातील प्रसंग दोन्हींकडे येतात. कागदावर वस्त्राचा काठ कुंचल्याच्या ठिपक्यांनी दाखवतात. कातड्यावर तो ठिपक्यांइतक्याच भोकांनी दाखवावा लागतो.

पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आंध्रातील बाहुल्यांच्या मानाने बऱ्याच लहान व रचनेने साध्या आहेत. लहान आकारात कोरीवकामाला मर्यादा पडते, कारण ठशाचे सर्वांत बारीक भोकही वीतभर बाहुलीच्या चेहऱ्यावर मोठे वाटते. म्हणून येथे थोड्या छेदांत अधिक सांगण्याकडे कल असतो. आंध्रातील झगमगाटाच्या सवयीने पाहणाऱ्याला या बाहुल्या गरीब वाटण्याचा संभव आहे. पण तो मोजण्याच्या पट्टीतला दोष म्हणावा लागेल.

परशुराम आत्माराम गंगावणे यांनी येथे घरालगतच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. ठाकर आदिवासी कला आंगण या नावाने ते ओळखले जाते व तेथे बाहुल्या, चित्रे आणि वाद्ये पाहावयास मिळतात. गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी केरळच्या तोलपावकूत्तू परंपरेतील के. के. रामचंद्र पुलवर यांनाही हा सन्मान देण्यात आला.

अन्य देशांतील परंपरा

इंडोनेशियातील वायांग कुलित ही आरपार कोरलेल्या चर्मबाहुल्यांची सर्वांत विकसित परंपरा मानली जाते. म्हशीच्या कातड्यावर ‘ताताह’ नावाच्या पटाश्यांच्या संचाने व लाकडी हातोडीने काम होते. तेथे छेदांच्या प्रत्येक जुळणीला नाव आहे: हिऱ्यांसारखी नक्षी ‘इंतेन-इंतेनान’, तर टोळाच्या दातांसारखी कड ‘उंतू वालांग’. नावे निश्चित असल्याने गुरू शिष्याला नक्षी तोंडी सांगू शकतो आणि दूरदूरच्या गावांतील कामाची तुलनाही करता येते. युनेस्कोने २००३ मध्ये या कलेची घोषणा मानवजातीच्या मौखिक वारशातील श्रेष्ठ कृतींत केली आणि २००८ मध्ये ती प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली.

कंबोडियातील स्बेक थॉम या प्रकारात माणसाएवढ्या उंचीची, बिनसांध्यांची अखंड चर्मचित्रे नर्तक डोक्यावर धरून नाचतात. तुर्कस्तानातील कारागोझच्या बाहुल्या उंटाच्या कातड्याच्या असून त्या ‘नेवरेगान’ नावाच्या टोकदार सुरीने कोरतात. कारागोझ २००९ मध्ये, तर चिनी छायानाट्य २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. रामायणाची कथा भारतापासून कंबोडियापर्यंत चर्मबाहुल्यांतून पोहोचली असली तरी कोरीवकामाचे तंत्र नेमके कोणत्या दिशेने गेले, हा वादाचा विषय आहे.

उठावाच्या चर्मकोरीवकामाशी तुलना

अमेरिका व युरोपातील छंदिष्टांत व खोगिरे बनवणाऱ्यांत प्रचलित असलेले चर्मकोरीवकाम याच्या उलट तत्त्वावर चालते. तेथे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले जाड चामडे ओलसर करून, बोटाच्या दाबाने फिरणाऱ्या पात्याच्या सुरीने त्याच्या जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंतच छेद घेतात. छेदाच्या एका बाजूचे चामडे ठशाने दाबले की फूल किंवा पान उठून दिसते. सर्व ठसे उमटवून झाल्यावर सर्वांत शेवटी पाकळ्या व पाने यांवर मोकळ्या हाताने काही वळणदार छेद घेतात. हे शोभेचे छेद रुंद व खोल सुरू होऊन निमुळते होत संपतात. त्यांना ठशाचा आधार नसतो, त्यामुळे कारागिराचा हात ओळखायचा तो याच छेदांवरून, असे त्या क्षेत्रात मानतात. अल स्टोलमन (१९१९–१९९८) यांच्या सचित्र पुस्तकांमुळे या तंत्राचा प्रसार झाला. या छेदांचा सरावही वेगळ्या तुकड्यांवर, एकच वळण पुन्हा पुन्हा घेऊन करावा लागतो. त्या बाबतीत वायोमिंगमधील खोगीरकार आणि निम्मलकुंट्यातील बाहुलेकार यांच्यात फारसे अंतर नाही.

कोल्हापुरी चपलेच्या सजावटीत या दोन्ही टोकांच्या मधला प्रकार आढळतो. तेथे पट्ट्यांवर ठशांनी नक्षी उठवतात, बारीक भोके पाडतात आणि चामड्याच्या अरुंद पट्ट्या कापून त्यांची वेणी घालतात. एकसारख्या रुंदीच्या पातळ पट्ट्या हातकापाने काढणे हे त्यातील सुरीकामाचे मुख्य कौशल्य आहे.

कातड्याचा व प्रेक्षकांचा प्रश्न

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर हरणाच्या कातड्याचा वापर कायदेशीररीत्या शक्य राहिला नाही. बाहुलेकारांनी शेळीच्या कातड्याकडे वळणे अपरिहार्य होते. देवादिकांच्या पात्रांसाठी अमुक कातडे आणि राक्षसांसाठी अमुक, हा संकेत त्यामुळे बहुतांशी मोडला. पण त्याचा परिणाम केवळ धार्मिक संकेतापुरता नव्हता. जुन्या बाहुलीची रेषा नव्या कातड्यावर जशीच्या तशी उतरवता येते, मात्र कातडे बदलले की तीच नक्षी तितक्याच दाटीने सोसेल याची खात्री नसते. जुन्या नमुन्यांतील छेद नव्याने बसवावे लागले.

त्याहून मोठा बदल चित्रपट व दूरचित्रवाणीमुळे झाला. रात्रभर चालणारे खेळ कमी झाले आणि अनेक कुटुंबांनी बाहुल्या विकल्या. निम्मलकुंट्यात कारागिरांनी त्याच कातड्यावर, त्याच हत्यारांनी दिव्यांची आवरणे, भिंतीवरील चित्रे व शोभेच्या वस्तू करण्यास सुरुवात केली आणि आज गावाचे उत्पन्न मुख्यतः त्यावर चालते. दिव्याच्या आवरणात उजेड आतून येतो, म्हणून छेदांचे तत्त्व तेच राहते. तरी एक फरक पडतो. बाहुली हलते, आणि हलताना तिच्या छेदांतील उजेड लुकलुकतो. आवरण स्थिर असते. स्थिर वस्तूवर पट्ट्यांना झटके बसत नाहीत, त्यामुळे नक्षी हवी तितकी दाट करता येते. गिऱ्हाइकालाही दाट नक्षी आवडते. या दाटीची सवय लागलेला हात खेळासाठी टिकाऊ बाहुली कोरू शकेल का, हा प्रश्न गैरलागू नाही. दुसऱ्या बाजूने, या वस्तूंचा बाजार नसता तर पटाशी हातात धरणारी पुढची पिढीच राहिली नसती, हेही तितकेच खरे आहे. दिव्याबाबतही असेच झाले. तेलाच्या दिव्याची हलती ज्योत सावलीला श्वास घेतल्यासारखी हालचाल देत असे. विजेच्या दिव्याखाली सावली स्थिर व कडा स्पष्ट होतात, आणि छेदांतील लहानसहान उणिवा पूर्वीपेक्षा जास्त दिसतात.

जुन्या नमुन्यांच्या जतनात आणखी एक अडचण आहे. अनेक बाहुलेकार कुटुंबांत बाहुली ही पूजनीय मानली जाते. पेटी उघडताना व बंद करताना पूजा होते, पेटीत देव व दैत्य एकमेकांना लागून ठेवत नाहीत, आणि जीर्ण झालेली बाहुली फेकून न देता नदीत विसर्जित करतात. या प्रथेमुळे सर्वांत जुनी, म्हणजेच नक्षीच्या अभ्यासाला सर्वांत उपयुक्त अशी चामडी नष्ट होत गेली. कोरीवकामाचा इतिहास त्यामुळे मुख्यतः संग्रहालयांत पोहोचलेल्या बाहुल्यांवरून आणि आजच्या कारागिरांच्या हातातील सवयींवरून जुळवावा लागतो. संग्रहालयातील बाहुली बहुधा काचेच्या पेटीत, भिंतीला टेकवून व समोरून उजेड टाकून मांडलेली असते. तशा मांडणीत तिचे रंग दिसतात. छेद दिसण्यासाठी दिवा तिच्या मागे असावा लागतो.